पाणंदीतली सायकल

पाऊस उघडला, सुगी आटोपत आली, की शनिवारी-रविवारी आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम भागात सायकलवाले दिसू लागतात. डोक्याला टोप, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात घट्ट रंगीत कपडे. पूर्वी ही मंडळी साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कास-बामणोलीच्या डांबरी रस्त्याने जायची आणि त्याच रस्त्याने परत यायची. अलीकडे ती डांबर सोडून आत शिरू लागली आहेत. पाणंदीतून, ओढ्याच्या कडेने, चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या वाटांनी, माण-खटावच्या माळावरून. बांधावरचा शेतकरी विचारतो, "वाट चुकला का पावनं?" आणि पावनं दम खात म्हणतात, "नाही काका, मुद्दामच आलोय इकडनं."

हे 'मुद्दाम' काय आहे ते आधी समजून घेतले पाहिजे. ह्या सायकलीला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी-मुरूम. शर्यतीच्या सायकलीसारखे तिचे हँडल खाली वळलेले असते, पण टायर जाड, साधारण चाळीस मिलिमीटर रुंदीचा, आणि त्यात हवा कमी ठेवतात. त्यामुळे ती खडीवर उडत नाही, मुरमात रुतत नाही. किंमत पन्नास-साठ हजारांपासून काही लाखांपर्यंत. एवढे पैसे मोजून माणूस खडबडीत रस्ता शोधत फिरतो याचे आपल्याला हसू येते. पण हायवेवर ट्रक आणि मोटारींच्या गर्दीत सायकल चालवणे जिवावरचे झाले आहे, आणि आतल्या वाटेला तासाभरात एखादी बैलगाडी किंवा ट्रॅक्टर भेटला तर भेटला. त्यांच्या दृष्टीने आपली पाणंद ही सोन्याची वाट आहे. आपल्या दृष्टीने ती काय आहे, हा आजच्या लिखाणाचा विषय.

कारण खरी गोष्ट अशी, की ज्या पाणंदीतून शहरातला माणूस हौसेने सायकल नेतो, त्या पाणंदीतून आपल्याला उसाची गाडी बाहेर काढता येत नाही. दोन्ही बाजूंनी बांध कोरत कोरत पाणंद अरुंद झाली. दरसाल नांगराचे एक तास आत घ्यायचे, वर घाणेरीची काटेरी डहाळी टाकायची, आणि पाचव्या वर्षी म्हणायचे की इथे वाट नव्हतीच. कोणी केले म्हणून विचारावे तर जो तो समोरच्या बांधाकडे बोट दाखवतो. गावागावात भाऊकीचे निम्मे दावे ह्या वाटांपायी आहेत, हे कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्यांना सांगायला नको.

वाट होती की नव्हती हे बघायला फार लांब जावे लागत नाही. गावनकाशा काढावा. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता त्यात दोन भरीव रेघांनी दाखवलेला असतो. गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने, आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते २१ फूट धरतात, पायवाटेची सव्वाआठ फूट. हे आकडे कोणी हवेतून काढलेले नाहीत. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, त्या ३३ चा अर्धा म्हणजे साडेसोळा आणि पाव म्हणजे सव्वाआठ. आज किती गावांत साडेसोळा फुटांची पाणंद जागेवर शिल्लक आहे, हे सरपंचांनी एकदा टेप घेऊन पाहावे. आम्ही पाहिली त्यातल्या एका पाणंदीत बैल एकामागे एक चालतो, जोडी चालत नाही.

कायदा ह्या बाबतीत मुका नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते-वाटा ह्या शासनाच्या मालकीच्या. कलम १४३ खाली शेतात जायला वाटच नसेल तर बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. आणि चालू असलेली वाट कोणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ आहे. पण त्यात दावा अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत घालावा लागतो. इथेच आपला माणूस चुकतो. "बघू, सुगी होऊ दे, मग बोलू," म्हणता म्हणता सहा महिने जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, तिला रोजगार हमीची जोड दिली. मे २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद करावेत आणि त्यांची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी असा निर्णय निघाला. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. गावाला दोघेही भाऊसाहेबच. तर ह्या दोन्ही भाऊसाहेबांनी मनावर घेतले तर नोंदीचे काम एका हंगामात होण्यासारखे आहे.

आता ह्यात सायकलवाल्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो समजायला जरा दूरचे उदाहरण घेऊ.

इटली देशात तोस्काना म्हणून डोंगराळ मुलूख आहे. द्राक्षे, ऑलिव्ह, गहू पिकवणारा. सिएना शहराच्या भोवती तिथल्या शेतांमधून पांढऱ्या चुनखडीच्या खडीचे कच्चे रस्ते जातात. त्यांना त्यांच्या भाषेत नावच 'पांढरे रस्ते' असे आहे. जिकडे तिकडे डांबर पडू लागले तेव्हा हे रस्ते एकेक करून जाणार अशी वेळ आली. १९९७ साली गायोले नावाच्या लहानशा गावातून ९२ सायकलवाले जुन्या लोखंडी सायकली घेऊन ह्या रस्त्यांनी निघाले. फेरीला नाव दिले 'लेरोइका', म्हणजे शूरांची. सांगणे एवढेच, की हे रस्ते आहेत तसे ठेवा. पुढे ही फेरी दरसाल होत गेली आणि जगभरातून हजारो लोक येऊ लागले. वाटेत थांब्यावर बाटलीबंद पाणी आणि बिस्किटे नाहीत. तिथलीच भाकरी म्हणजे पाव, तिथलेच भाजी-पावाचे कालवण, तिथलीच द्राक्षाची दारू. २००७ पासून त्याच पांढऱ्या रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यत होते. कच्चा रस्ता राहिला तो कोणी हुकूम काढला म्हणून नव्हे, त्याची किंमत गावाला कळली म्हणून.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातही असेच झाले. तिथे फ्लिंट हिल्स म्हणून टेकड्यांचा पट्टा आहे. जमिनीत गारगोटीसारखा टणक दगड, नांगर चालत नाही, म्हणून ते रान गवताचे आणि गुरांचेच राहिले. २००६ मध्ये एम्पोरिया गावातून ३४ जण त्या खडीच्या रस्त्यांनी दोनशे मैल जायला निघाले. आज त्या शर्यतीसाठी दरवर्षी जगभरातून हजारो माणसे तिथे उतरतात. नांगर न चालणारी जमीन आपल्याकडेही काय थोडी आहे! जांभ्याच्या सड्यावर काय पिकते ते जावळी-पाटणच्या शेतकऱ्याला विचारा.

पण ह्या गोष्टी सांगून आम्ही तुम्हाला "रस्ते कच्चेच ठेवा" असे सांगणार आहोत, असे कोणी समजू नये. मध्यंतरी एका बैठकीत शहरातून आलेल्या एका सायकलप्रेमी गृहस्थांनी कळवळून सांगितले, की ह्या सुंदर वाटांवर कृपा करून डांबर टाकू नका. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तू रविवारी येणार. माझी सून बुधवारी अडली तर?" पुढे बैठकीत ह्या विषयावर कोणी बोलले नाही. शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात आजारी माणसाला वर्षानुवर्षे लाँचमधून न्यावे लागले आहे. डोंगरातल्या वाड्यांवरून झोळी करून माणसे खाली आणलेली आपण पाहिली आहेत. ज्या वाडीला जायला एकच रस्ता आहे, तो रस्ता पक्काच झाला पाहिजे, बारमाही झाला पाहिजे, आणि त्यात शहरातल्या कोणाच्या हौसेचा विचार करण्याचे कारण नाही. ह्यात आमची भूमिका स्पष्ट आहे.

प्रश्न आहे तो उरलेल्या वाटांचा. शेताकडे जाणाऱ्या पाणंदी, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उतरणाऱ्या जुन्या गाडीवाटा, पवनचक्क्यांपाशी जाणारे रस्ते. ह्यांना डांबर परवडत नाही आणि लागतही नाही. ह्यांना लागतो चांगला मुरूम आणि चांगली गटार. आणि नेमके तेच आपल्याकडे होत नाही.

मुरमाचा रस्ता म्हणजे हलके काम, असा एक समज ठेकेदारांनी आणि आपणही करून घेतला आहे. ट्रॉलीने मुरूम आणून ओतला, जेसीबीने पसरला, फोटो काढला, बिल निघाले. दबाई नाही, पाणी मारणे नाही. पहिल्या वळवाने तो मुरूम शेजारच्या शेतात जातो आणि शेतकरी दोन्हीकडून मार खातो; रस्ताही गेला आणि सरीतही मुरूम. जुनी माणसे रस्ता करायची ते पाहिलेले अजून गावात आहेत. रस्त्याच्या मध्याला उंची आणि दोन्ही अंगांना उतार, म्हणजे पाणी उभे राहत नाही. कडेला चर, आणि चराचे पाणी ओढ्याला मिळेपर्यंत मोकळे. आडवा ओहोळ येतो तिथे सिमेंटची नळी, नाहीतर फरशी. मुरूम थर-थराने टाकायचा, पाणी मारायचे, वरून रोलर फिरवायचा. मुरूमही बघून घ्यायचा. माती मिसळलेला पिवळट मुरूम चिखल होतो, कठीण कणीचा मुरूम बसतो. आणि दिवाळीनंतर एकदा चर उपसायचे. एवढे केले तर पाणंद चार-पाच वर्षे सहज टिकते. ट्रॅक्टर जातो, बैलगाडी जाते, शाळेची पोरे चिखल न तुडवता जातात. सायकलही जाते. सायकलीसाठी म्हणून वेगळे काहीही करावे लागत नाही, हीच तर यातली मेख आहे. जो रस्ता शेतकऱ्याला चांगला, तोच त्या पाहुण्याला चांगला.

उलट पाणंदीत काँक्रीट ओतायची जी टूम काही ठिकाणी निघाली आहे, तिचा विचार व्हावा. काँक्रीटवर बैलाचा खूर घसरतो. काँक्रीटची पातळी शेतापेक्षा वर येते आणि पावसाचे पाणी बांध फोडून रानात घुसते. एकदा तुटले की गावाला दुरुस्त करता येत नाही, पुन्हा निधीची वाट पाहायची. मुरूम फावड्याने दुरुस्त होतो. चढाच्या आणि ओढ्याच्या जागी काँक्रीटचा तुकडा टाकायला हरकत नाही, पण शंभर टक्के काँक्रीट हे कोणाच्या सोयीचे आहे, हे ग्रामसभेत मोठ्याने विचारले गेले पाहिजे.

आपला जिल्हा ह्या दृष्टीने नशीबवान आहे. एका जिल्ह्यात इतक्या तऱ्हा क्वचित सापडतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. त्यामुळे पश्चिमेच्या वाटा जून ते ऑक्टोबर बंद असल्या तरी माणगंगेच्या खोऱ्यातल्या, शंभू महादेवाच्या डोंगररांगेतल्या मुरमाड वाटा पावसाळ्यातही बऱ्याचशा चालू राहतात. शिखर शिंगणापूर, वारुगड, महिमानगड, वर्धनगड हा टापू सायकलवाल्यांना अजून नीट माहीत नाही. चैत्रात कावडी मुंगी घाट चढतात ते पाहायला लाखो लोक येतात, बाकीचे अकरा महिने त्या भागात बाहेरचा माणूस फारसा फिरकत नाही. दुष्काळी म्हणून आपणच त्या भागाची ओळख करून देतो. तिथला कोरडा, कडक माळ हा ह्या सायकलीला सगळ्यात उत्तम रस्ता आहे, असे ती चालवणारेच सांगतात.

जंगलाचा आणि पठाराचा मुद्दा मात्र वेगळा आणि नाजूक आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल नेणे हा गुन्हा आहे, आणि गावातल्या पोरांनी शंभर-दोनशे रुपयांसाठी कोणाला चोरवाट दाखवू नये. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथल्या जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आहे, की एक चाक फिरले तर त्या चाकोरीत पुढच्या वर्षी फूल येत नाही. कासवरून महाबळेश्वरकडे जाणारा जुना राजमार्ग आहे, त्यावर सायकलवाल्यांचा फार डोळा असतो. आखलेली वाट सोडून एक वीतही बाजूला जायचे नाही, ही अट असेल तरच अशा वाटांचा विचार करावा, आणि तोही फुलांचा हंगाम सोडून. कासच्या आसपासच्या गावांनी संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत हंगामात प्रवेशाची व्यवस्था सांभाळून दाखवली आहे. तक्रारी आहेत, गर्दीच्या दिवशी गोंधळही होतो, पण पैसा गावात राहिला आणि पोरांना काम मिळाले, हे नाकारता येणार नाही. जंगलातल्या वाड्यांना स्वतःच्या रस्त्याचीच अडचण असेल तर वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) कडे लक्ष द्यावे. एक हेक्टरच्या आतली वनजमीन, आणि हेक्टरी ७५ च्या वर झाडे तुटणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासाठी ती मिळू शकते. पुष्कळ ग्रामसभांना हा अधिकार आपल्याला आहे हेच माहीत नाही.

पैशाचे म्हणाल तर फार मोठी स्वप्ने रंगवू नयेत. सायकलवाला मोटारीतल्या पर्यटकासारखा पैसा उधळत नाही. पण तो भुकेला असतो, आणि मोटारवाला पाच मिनिटांत जे गाव ओलांडतो तिथे तो अर्धा तास बसतो. चहा, उकडलेली अंडी, केळी, शेंगदाण्याचा लाडू, ताक. दुपारी सावली मिळाली तर पिठलं-भाकरी. मुक्कामाला थांबला तर अंथरूण आणि गरम पाणी. यासाठी हॉटेल बांधायला नको, कर्ज काढायला तर अजिबात नको. भिलार गाव २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं तेव्हा घरांच्याच ओसरीवर, देवळात, शाळेत पुस्तके ठेवली. नवी इमारत बांधली नाही. माणसे घरात यायला लागली, घराने पाहुणचार शिकून घेतला. ज्यांना नियमाने मुक्काम द्यायचा आहे त्यांच्यासाठी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. महिला बचत गटांनी ह्यात आधी पुढे यावे, कारण भाकरी त्याच भाजणार आहेत आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात जाणार असतील तर हे काम वर्षभरात बंद पडेल.

आणि पाहुण्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. बांधावरून सायकल नेली की बांध खचतो. शेताचे फाटक उघडले तर लावावे. एकदा उघडे राहिले आणि रात्री गुरांनी ज्वारी फस्त केली की पुढच्या दहा पाहुण्यांना शिव्या बसतात. मेंढरांच्या कळपातून घंटी वाजवत जाऊ नये, थांबावे. मेंढपाळाचे कुत्रे चावले तर दोष कुत्र्याचा नाही. मोबाईलवरच्या नकाशात रेघ दिसते म्हणजे ती वाट सार्वजनिक आहे असे नाही, आणि असली तरी गावाला विचारून जायला काही हातचे जात नाही. पाटाच्या पाण्यात सायकल धुणारेही आम्ही पाहिले आहेत. त्यांना त्या पाण्याच्या पाळीवरून गावात काय भांडणे होतात ते कळले असते, तर त्यांनी सायकल तशीच चिखलाची घरी नेली असती.

पण फाटक लावायला सांगायचे तर ती पाणंद आहे हे आधी आपण मान्य केले पाहिजे. ज्याने स्वतः वाट बुजवली त्याला दुसऱ्याला वाटेने जा म्हणून सांगता येत नाही. म्हणून क्रम आम्हाला असा दिसतो: पहिल्यांदा गावनकाशा, मग जागेवर मोजणी आणि दोन्ही बाजूंना खुंटे, मग सातबाराला नोंद, मग मुरूम-चर-नळी. पाटी आणि पाहुणे सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्वागताची कमान आणि मग वाटेवरून मारामारी, तर काय होते त्याचे नमुने जिल्ह्यात आहेत.

शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून हे केले तर बरे, कारण पाणंद शिवेपाशी संपत नाही. एका गावाने साडेसोळा फूट मोकळी केली आणि पुढच्या गावाने सहा फुटांवर आणली, तर ट्रॅक्टरही अडकतो आणि सायकलही. अशा शिवेवरच्या वाटांची यादी मंडल अधिकाऱ्यांनी दोन्ही गावांच्या सरपंचांना एकत्र बसवून करावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अजून अवधी आहे. विषयपत्रिकेत 'पाणंद रस्त्यांची मोजणी व नोंद' हा विषय घालण्यासाठी ग्रामस्थांनी लेखी अर्ज आत्ताच द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि सभेला गावनकाशाची मोठी प्रत भिंतीवर लावावी, म्हणजे मागे बसणाऱ्यांनाही रेघा दिसतील.